शिराहामाच्या जत्रेहून

कोबे, जपान, १६ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल घरी आलो, पण कानातले ढोल अजून थांबलेले नाहीत. हिमेजीजवळ शिराहामाला मात्सुबारा हाचिमान देवळाची जत्रा होती. दर वर्षी १४ आणि १५ ऑक्टोबरला भरते. तिला 'नादा नो केन्का मात्सुरी' म्हणतात. केन्का म्हणजे भांडण. नाव ऐकून मला वाटलं, गावागावांतलं जुनं वैर असेल.

पहिल्या दिवशी तसंच वाटतंही. नादा म्हणजे हा सगळा परिसर, त्याची गावं सात. प्रत्येकाचा रंग वेगळा, त्या रंगाच्या कागदी झुबक्यांचे उंच बांबू नाचत असतात. गावागावाचे 'याताई' येतात, म्हणजे सोनेरी नक्षीच्या छपराचे मखर. आत बसलेली पोरं ढोल बडवतात. वजन सुमारे २ टन, चाकं नाहीत, सगळा भार खांद्यांवर! लंगोट लावलेले गडी 'योइयासा' म्हणत ते उचलतात आणि दुसऱ्या गावाच्या याताईला भिडवतात.

पण खरं भांडण १५ तारखेचं, ते देवांच्या पालख्यांचं. मिकोशी म्हणतात त्यांना. तीन असतात. सकाळी त्या वाहणाऱ्यांनी समुद्रात उतरून शुद्ध व्हायचं आणि मग ओताबियामा टेकडीच्या पायथ्याशी पालख्या एकमेकींवर आदळायच्या. लाकूड कडाडतं, छपरं खचतात, एक पालखी दुसरीवर चढते. आपण पालखीला साधा धक्का लागला तरी हात जोडतो रे. इथे पालखी जितकी मोडेल तितका देव प्रसन्न, अशी श्रद्धा. दंतकथेतल्या सम्राज्ञी जिंगूच्या स्वारीची गलबतं या किनाऱ्याला थांबली असता एकमेकांवर आपटत होती, त्याचीच ही आठवण असं सांगतात.

आणि आता ऐक, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो. त्या तिन्ही पालख्या एकाच गावाच्या खांद्यावर असतात! सात गावांत पाळी फिरते, आणि ज्याची पाळी ते गाव त्या वर्षी आपला याताई काढत नाही. पालख्या वाटल्या जातात वयाप्रमाणे: एक पोक्त माणसांची, एक मधल्या वयाच्यांची, एक पोरांची. म्हणजे समोरच्या पालखीखाली आपला बाप किंवा काका असू शकतो. विशीतल्या पोराला आज धाकटी पालखी मिळाली, तर गावाची पाळी परत येईपर्यंत तो मधलीखाली गेलेला असतो. माणसाचं वय तिथे पालखीवर मोजलं जातं.

धोका खोटा नाही. माणसं जखमी होतात, पूर्वी जीवही गेलेत. मला ते पाहवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. टेकडीच्या उतारावर हजारो लोक बसलेले, माझ्या शेजारी एक आजोबा. पोरांची पालखी वर चढली तसे ते उठून उभे राहिले आणि त्यांचे दोन्ही खांदे आपोआप उचलले गेले. ओझं घेतल्यासारखे. मला तुझे बाबा आठवले, शिमग्यात पालखी अंगणात नाचायला लागली की ओटीवर बसल्या बसल्या त्यांचं असंच व्हायचं.

आपल्याकडे दोन गावांच्या पालख्या भेटतात तेव्हा देव गळाभेट घेतात म्हणतो आपण. इथली भेट अशी दणक्याची.

मी फाल्गुनात येतोय. रजा मांडली आहे. होळीनंतर पालखी घरोघर निघेल तेव्हा पुढच्या दांडीला माझी जागा धरून ठेव, आणि तुझ्या पोराला या वर्षी मागच्या दांडीखाली घे. आता उंची झाली असेल त्याची.

काकींना नमस्कार.

तुझाच,
मित्र