भाऊजी, हे उघड पत्र तुमच्यासाठी

भाऊजी, नमस्कार.

आमची हळद गूगलवरून गिऱ्हाइकापर्यंत कशी न्यायची ते तुम्ही शिकवलं, त्याबद्दल फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "राहू द्या हो वहिनी" म्हणता अन् लगेच लेकरांची शाळा, पाऊसपाणी असा विषय बदलता, म्हणून शेवटी लिहूनच काढायलेय, अन् सगळ्यांना दिसंल असं मुद्दाम लिहायलेय. कारण सध्या जो भेटंल तो विचारायलाय, तुमची वसमतची हळद पुण्या-मुंबईला, नाशिकला घरोघरी जायली, तिकडं तुमचं कोण हाय? बचत गटातल्या बायका विचारतात, भूमकडचे खव्याचा धंदा असलेले पाव्हणे विचारतात, लातूरला डाळ विकणारा माझा मावसभाऊ तर दर फोनला विचारतो. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायलंय, आता एकदाच काय ते वाचा म्हणायचं.

तुम्हाला सगळं माहितीय, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमची हळद सेलम जातीची, कॅनॉलच्या पाण्यावरची. मे-जूनला लागवड, जानेवारीपासून काढणी, मग शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, ओल्या हळदीचा वाळून साधारण पाचवा हिस्सा हातात राहतो, अन् तो मोंढ्यात, म्हणजे ठोक बाजारात, नेऊन भाव काय निघतो ते बघत बसायचं. सासूबाईंच्या हट्टापायी त्यातली थोडी घरीच दळून पावडर विकायला लागलो. पण गिऱ्हाईक म्हणजे कोण, तर सोयरे, सोयऱ्यांचे शेजारी, अन् औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालेली एखादी गाडी थांबली तर ती. पाकीट चांगलं, माल चांगला, पण माहीतच कुणाला?

अन् त्याच वेळेला ते एजन्सीवाले मागं लागले होते. "मॅडम, गूगलच्या पहिल्या पानावर एक नंबरला आणून देतो, गॅरंटी." आकडा ऐकून आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तुम्ही परभणीला लग्नाला आला होतात, दिरांनी तुम्हाला ओढत आमच्याकडं आणलं, तुम्ही ते सगळं ऐकून घेतलं अन् मोबाईलवर गूगलचंच पान काढून दाखवलं, त्यात साफ लिहिलेलं की एक नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. स्वतः गूगल म्हणतंय बगा. मग म्हणलात, "वहिनी, पैसे ठेवा खिशात, आधी फुकटातलं करू." ह्या एका वाक्यानं आमचे किती पैसे वाचले त्याचा हिशोब मी केला नाही, पण आभाराची सुरुवात तिथूनच करायला पाहिजे.

फुकटातलं पहिलं म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गूगलच्या मॅपवर अन् शोधात आपल्या धंद्याची नोंद. हेच आधी गूगल माय बिझनेस होतं, २०२१ ला नाव बदललं हेही तुम्हीच सांगितलं, कारण यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून आम्ही ते ॲपच शोधत बसलो होतो. व्हिडिओ काढून पडताळणी केली, पाटी दाखवली, गिरणी दाखवली, वेळ टाकली, फोटो टाकले. आता नांदेडहून येणारा माणूस मॅप लावून थेट दारात येतो, "कुठशीक आलं तुमचं" म्हणून फोन येत नाहीत. ह्यांच्या डोक्यात आलं होतं की जो पाच स्टार देईल त्याला पावशेर हळद फुकट. तुम्ही म्हणलात, बिलकुल नाही, बदल्यात काही देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, नुस्तं माणसाला मनापासून विचारा. विचारलं. सावकाश आले, पण जे आले ते खरे आले, एकीनं तर चार स्टार देऊन "पिशवीला झिप पाहिजे होती" असं लिहिलं. झिप लावली.

दुसरं म्हणजे ब्लॉग. खरं सांगते, ब्लॉग म्हणलं की मला कविता अन् प्रवासवर्णन आठवायचं. हळदीवर काय लिहायचं, हळद पिवळी असते, संपलं. तुम्ही म्हणलात, लिहू नका, आधी ऐका. गिऱ्हाईक फोनवर, व्हॉट्सॲपवर, दारात जे जे विचारतं ते वहीत उतरवून ठेवा, त्याच्याच शब्दात. आता ती वही बघून हसू येतं. भेसळ कशी ओळखायची? तुमची हळद बाजारच्यापेक्षा फिकट का दिसते? लोणच्याला घातलेली हळद काळी का पडते? लग्नाच्या हळदीला पावडर आणायची का ओली हळद उगाळायची? पावडरीला जाळी लागू नये म्हणून काय करायचं? एवढी महाग का ओ? एकेक प्रश्न म्हणजे एकेक लेख, अन् लेखाचं नावच तो प्रश्न. तुम्ही सांगितलं की माणूस गूगलला जे विचारतो तेच दुकानदाराला विचारत असतो, फक्त दुकानदाराला जरा लाजत विचारतो.

पहिला लेख भेसळीवरचा लिहिला. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, हलवायचं नाही, शुद्ध हळद खाली बसते अन् पाणी फिकट पिवळं होतं, रंग घातलेली असली तर पाणी गडद पिवळं राहतं, ही एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्याच्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सांगितलेली घरगुती तपासणी. मी नुस्ती माहिती लिहून पाठवली तर तुम्ही म्हणलात, ही तर शंभर ठिकाणी आहे, तुमचं काय? मग आमच्याच ओट्यावर दोन ग्लास ठेवून फोटो काढले, सासूबाईंचा हात त्यात दिसतोय, बांगड्यांसकट. तुम्ही सांगत होता की २०२२ च्या डिसेंबरात गूगलनं चांगल्या मजकुराच्या कसोट्यांत अनुभव ही गोष्ट जास्तीची घातली, म्हणजे लिहिणाऱ्यानं ते काम स्वतः केलंय का ते दिसलं पाहिजे. आता हळद शिजवताना कांडीला काडी टोचून बघतात, सहज आत गेली की झालं, हे पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून लेख पाडणाऱ्याला कुठून माहीत असणार? तेव्हापासून मला लिहायची भीती राहिली नाही. माझं मराठी असंच आहे, बोलल्यासारखं, अन् तुम्ही ते कधी "शुद्ध" करायला लावलं नाही त्याचे वेगळे आभार.

पण सगळ्यात मोठं जे शिकवलं ते बाजारभावाचं प्रकरण. मला वाटायचं जास्त माणसं आली की जास्त विक्री. सर्च कन्सोल, म्हणजे आपलं पान गूगलवर कुठल्या शोधाला दिसतं ते सांगणारं गूगलचंच फुकट साधन, उघडून बघितलं तर "हळद आजचा भाव", "हिंगोली हळद भाव", "वसमत हळद भाव" ह्या शोधांवर आमचं पान कुठंतरी मागं का होईना दिसायला लागलेलं. आम्ही खुश. म्हणलं रोज भाव टाकू, गर्दीच गर्दी. तुम्ही शांतपणे विचारलं, "वहिनी, आजचा भाव कोण शोधतं?" अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भाव शोधतो तो शेतकरी, आडत्या, व्यापारी, म्हणजे ज्याच्या घरात आमच्यापेक्षा जास्त हळद पडलीय तो! त्याला अर्धा किलोचं पाकीट विकायचं म्हणजे विहिरीवाल्याच्या दारात पाण्याचा टँकर नेऊन उभा करायचा. तर हजार लोक येऊन एक ऑर्डर नाही, अन् "घरगुती हळद पावडर पुणे" ह्या शोधावर थोडेच लोक येतात पण त्यातला माणूस पिशवी घेऊनच निघालेला असतो. शोधणाऱ्याच्या मनात काय आहे ते बघा, आकडा बघू नका. हे मी आता मावसभावाला सांगते तर तो म्हणतो, मग तुरीचा भाव टाकत जाऊ नको काय? नको रे बाबा, डाळ शिजायला वेळ का लागतो ते लिही.

सर्च कन्सोल कसं वाचायचं हे तुम्ही लग्नाच्या मांडवातून आल्यावर झोपायच्या आधी शिकवलं, ते विसरणार नाही. किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या नंबरला आहे. दिसतंय लई पण क्लिक नाही, म्हणजे टायटल, गूगलच्या यादीत पानाचं जे नाव दिसतं ते, बदलून बघा. क्लिक आहे पण ऑर्डर नाही, म्हणजे वर एक बोललो अन् आत दुसरंच दिलं. नाहीतर पान उघडायलाच वेळ लागतोय, आमचे फोटो एवढाले जड होते की गावातल्या नेटवर्कवर अर्धवट हळदच दिसायची. ते लहान केले, फोटोला नावं दिली, फोटोत काय आहे ते लिहिलं. ह्या कामात मजा नाही, पण केलं.

जाहिरात तुम्ही लई उशिरा करू दिली. आमच्या ह्यांना घाई, "पैसे टाकले की वर येतो" असं त्यांचं गणित. तुम्ही समजावलं की गूगल ॲड्समध्ये, म्हणजे गूगलवर पैसे देऊन लावायच्या जाहिरातीत, नुस्ती बोली (एका क्लिकला आपण किती द्यायला तयार ते) मोठी असून भागत नाही, जाहिरात अन् त्यामागचं पान शोधणाऱ्याच्या कामाचं आहे का तेही मोजतात, म्हणून लेख अन् पान आधी नीट पाहिजे. अन् पैसे क्लिकमागं जातात, म्हणजे चुकीच्या माणसानं क्लिक केलं तरी आपलेच गेले. म्हणून तुम्ही ती नको असलेल्या शब्दांची यादी करायला बसवलं, त्याला निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात: भाव, बाजारभाव, बियाणं, लागवड, पॉलिश मशीन, नोकरी, अनुदान, फुकट. ही यादी बनवताना सासूबाई पण येऊन बसल्या अन् म्हणल्या, "हळदी कुंकू पण टाका, त्या बायका उखाणे शोधायलेत." किती बरोबर! संक्रांतीच्या आसपास उखाण्यांच्या शोधावर आमचे पैसे गेले असते. रोजचं बजेट लहानच ठेवलं, शहरं दोन-तीनच निवडली, व्हॉट्सॲपच्या बटणावर कोण दाबतंय ते मोजायची सोय लावली, अन् लग्नसराईत जरा वाढवायचं, पावसाळ्यात बंद.

ज्या गोष्टी करू दिल्या नाहीत त्यासाठी तर जास्तच आभार. मला लिहायचं होतं हळदीनं शुगर जाते, कॅन्सर बरा होतो, कारण असं लिहिलेले मेसेज लोक धडाधड पुढं पाठवतात. तुम्ही म्हणलात, खाण्याच्या वस्तूनं रोग बरा होतो असा दावा एफएसएसएआयच्या नियमात चालत नाही, अन् आरोग्याच्या विषयावर गूगल पण जास्त कडक बघतं. कुणी गोळ्या सोडून आमची हळद फाकत बसलं तर? नको. तसंच जीआयचं, म्हणजे एखाद्या भागाच्या खास मालाला त्या भागाच्या नावानं मिळणाऱ्या मानांकनाचं. वसमतच्या हळदीला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीला २०१८ ला मिळालं होतं, आम्हाला कोण आनंद! मी लगेच तो लोगो पानावर अन् पाकिटावर टाकायला निघाले. तुम्ही थांबवलं, गाव वसमत असलं म्हणून लोगो आपोआप आपला होत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, जीआय-३ चा फॉर्म असतो. तो भरायचं आता बघायलोय. भूमच्या पाव्हण्यांनो, कुंथलगिरी खव्यावाल्यांनो, हे तुम्हाला पण लागू आहे बरंका.

फरक काय पडला? लाखोंची उलाढाल झाली असलं काही मी लिहिणार नाही. अजून पण आमची बरीच हळद मोंढ्यातच जाते. पण भाव पडलेल्या वर्षी सगळं पीक त्याच दिवशी त्याच भावाला काढायची वेळ आता येत नाही, काही हळकुंड घरी ठेवून महिन्या महिन्याला दळता येतं, अन् त्याचा भाव मी ठरवते. दळायला गल्लीतल्या दोन बायका येतात. अन् एक गंमत सांगते, नांदेडच्या एका बाईंनी फोन करून हळद नाही मागवली, नुस्तं विचारलं की लोणचं काळं पडलंय तर आता काय करू, आम्ही अर्धा तास बोललो, शेवटी त्यांनी मिरची पावडर पण करता का विचारलं. म्हणजे पुढचं काम दिसायलंय.

आता गूगल वरतीच एआयचं उत्तर देतंय, लेख न उघडताच लोक वाचून जातात, क्लिक थोडे कमी झालेत असं मला वाटतंय. तुम्हाला घाबरून फोन केला तर तुम्ही म्हणलात, उत्तर पाहिजे होतं तो गेला असंल, हळद पाहिजे तो येईलच. हे मला अर्धंच पटलंय, खरं सांगते. दिवाळीत आलात की ह्यावर भांडू.

एक काम राहिलंय. "ओल्या हळदीचं लोणचं" ह्या पानाचं टायटल तुम्ही बदलायला सांगितलं होतं, ते बदललं, त्यात "तेल न घालता" एवढं वाढवलं कारण वहीत तोच प्रश्न सारखा सारखा आलेला. जरा बघून सांगा बरोबर वाटतंय का. अन् कुरिअरनं पार्सल पाठवलंय, ह्या वर्षीच्या पहिल्या दळणाचं, तुमचं अन् तुमच्या आईंचं वेगळं. त्याचे पैसे पाठवलेत तर मी तस्सेच परत पाठवणार, सांगून ठेवते.

तुमची वहिनी,
वसमत, जि. हिंगोली