बाबांच्या रिपोर्टातला ५४

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४ आणि त्याखाली बारीक अक्षरात ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ५४. "म्हणजे किडनी निम्मीच उरली का गं?" असं आई फोनवर रडवेली होऊन विचारत होती. फोनवर हे सगळं सांगून होणारं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आई, निम्मी नाही उरली. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण ५४ मिलिलिटर गाळतात, असा तो अंदाज आहे. तरुणपणी हा आकडा शंभराच्या आसपास असतो आणि वयानुसार तो उतरतोच. बाबांचं वय ७१ आहे.

रक्तातल्या क्रिएटिनिनवरून हा अंदाज बांधायचं सूत्र ज्यांनी दिलं, ते डॉ. अँड्र्यू लेव्ही बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधले. लायब्ररीत प्राध्यापकांच्या शोधनिबंधांच्या याद्या करणं, कोणाचा निबंध किती जणांनी संदर्भाला घेतला ते मोजणं हेच माझं काम. त्यामुळे त्यांची यादी मी बारकाईनं पाहिली आहे. त्यांचे १९९९ आणि २००९ चे निबंध प्रत्येकी दहा हजारांहून जास्त वेळा संदर्भाला घेतले गेलेत. असे आकडे फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

पण मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो वेगळ्याच कारणानं. कमी प्रथिनांच्या आहारानं किडनीचा आजार मंदावतो का, हे पाहायला अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. लेव्ही त्यात होते. १९९४ मध्ये निकाल लागला, पण आहाराचा ठोस फायदा काही दिसला नाही. मात्र त्या रुग्णांची किडनी किती गाळते हे इंजेक्शन देऊन प्रत्यक्ष मोजलेलं होतं. त्यातल्या १,६२८ जणांच्या नोंदींवरून लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सूत्र तयार केलं. त्याआधी १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र चालायचं, ते २४९ पुरुषांवरून काढलेलं. २००२ मध्ये किडनीच्या आजाराचे पाच टप्पे ठरवणाऱ्या समितीचे प्रमुखही लेव्हीच.

पुढे त्यांनी स्वतःचंच सूत्र पुन्हापुन्हा तपासलं. २००९ मध्ये नवं आणलं. दोन्हींमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यानं त्यांचा आकडा वर जायचा, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होऊ शकायचा. २०२१ मध्ये डॉ. लेस्ली इंकर आणि लेव्ही यांच्याच गटानं तो गुणक काढून टाकला. ज्या निबंधांनी नाव झालं तेच मोडीत काढायला मोठं मन लागतं, बाबा.

तुमचाच १.४ मी दोन्ही सूत्रांत घालून पाहिला. २००९ च्या सूत्रानं ५० येतो, २०२१ च्या सूत्रानं ५४. किडन्या त्याच, रक्त तेच! तेव्हा दोन-चार अंकांवरून झोप उडवून घेऊ नका. पण दुर्लक्षही नको. सूत्राची सगळी भिस्त क्रिएटिनिनवर, आणि ते येतं स्नायूंतून. अंगानं किरकोळ, मांस न खाणाऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसू शकतो. चंडीगढच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही भारतीयांमध्ये ही सूत्रं आकडा वाढवून दाखवतात असंच आढळलं. तुम्ही तर पहिल्यापासून सडपातळ.

एका रिपोर्टवर आजार ठरत नाही. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर. म्हणून तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीवाटे जाणारं प्रथिन, मात्र याच आठवड्यात तपासायचं. तेही आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते अजून एकदाही झालेलं नाही. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणता त्या दुखण्याच्या गोळ्या किडनीवर ताण नको म्हणून आजपासून बंद. दुखलं तर डॉक्टरांना विचारायचं. बीपीची गोळी मात्र कोणी काही म्हणालं म्हणून सोडू नका. आई, तुला शुगर आहे, तेव्हा याच फेरीत तूही दोन्ही तपासण्या करून घे.

मागच्या वर्षीचा रिपोर्ट कपाटातल्या फाईलमध्ये असेल. त्यावर ईजीएफआर नसला तरी क्रिएटिनिन असेलच. तेवढं मला कळव, म्हणजे तेव्हाचा आकडा काढून ठेवते. डॉक्टरांना दोन्ही एकदम दाखवता येतील.

तुमची,
छकुली