घाटात निघालेली भाड्याची गाडी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की पुण्या-मुंबईची अनेक कुटुंबे स्वतः चालवायला भाड्याने गाडी घेतात आणि सह्याद्रीच्या घाटांकडे निघतात. एसटीच्या वेळेत न बसणारी गावे आणि वाटेवरची देवळे त्यामुळे निवांत पाहता येतात, म्हणून ही सोय मला मनापासून आवडते. मात्र गाडी ताब्यात देताना तिची जी तपासणी होते, ती शहरातल्या फेरफटक्यापुरतीच असते. याकडे परिवहन विभागाचे आणि वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी, पत्नी आणि मुलगी असे तिघे पुण्याहून निघालो. भोरमार्गे वरंधा घाट उतरून महाड, पुढे पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि पसरणी घाटाने वाईला उतरून परत, असा दोन दिवसांचा बेत होता. गाडी घेऊन आलेल्या मुलाने मोबाइलवर चारही बाजूंचे फोटो काढले, पत्र्यावरचे ओरखडे दाखवले, इंधनाचा काटा नोंदवला आणि पाच मिनिटांत किल्ली हातात दिली. डिकी त्याने उघडली नाही आणि आम्हीही ती उघडायला सांगितली नाही.

नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेने जाताना समोरून आलेल्या ट्रकला वाट देण्यासाठी मुलीने गाडी खाली उतरवली आणि मागचे चाक एका धारदार दगडावर घासून टायर बाजूने फाटला. बाजूने फाटलेल्या टायरचे पंक्चर निघत नाही, स्टेपनीच लावावी लागते. डिकीतले आच्छादन उचलले, तर स्टेपनी होती, पण अंगठ्याने दाबली तरी आत जात होती. जॅक होता, पण नट सोडवायचा पाना नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. तासाभराने महाडकडून भोरला निघालेला एक पिकअपवाला आपणहून थांबला. त्याच्याजवळच्या पान्यांपैकी एक नटांना बसला. स्टेपनी पिकअपमध्ये टाकून त्याने मला भोरला नेले, हवा भरून घेतली आणि आपले काम बाजूला ठेवून परत घाटापर्यंत आणून सोडले. मायलेकी तोवर काचा चढवून गाडीत बसून होत्या. त्याने डिझेलपुरतेही पैसे घेतले नाहीत.

भोरला रेंज आल्यावर मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तेव्हा रस्त्यावरची मदत शहराच्या हद्दीपुरतीच असल्याचे उत्तर मिळाले. करारनाम्यात ते बारीक अक्षरांत छापलेले होते, हे खरे. टायरची किंमत पुढे अनामत रकमेतून कापली गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण टायर आमच्या हातून फाटला. पण पाना नसल्याची आणि स्टेपनीत हवा नसल्याची नोंद आम्ही सांगूनही कोणी घेतली नाही, याचा मला आजही राग येतो.

वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची नंबरप्लेट काळी असते आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी ओळखीतून स्वस्तात मिळते, पण तिचा विमा मालकाच्या खासगी वापरासाठी असतो. ती भाड्याने दिली होती असे निघाले, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारू शकते. घाटात गाडी कठड्याला घासली किंवा दरीच्या बाजूला कलली, तर हजार रुपये वाचवल्याचा हिशेब तिथेच उलटतो.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. गाडी देताना स्टेपनीतली हवा, जॅक, पाना आणि चारही टायरांच्या खाचा ग्राहकासमोर पाहून त्याची लेखी नोंद व्हावी. मोटारीच्या टायरच्या खाचेची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी, असा नियमच आहे, आणि टायरच्या खाचांत त्यासाठी उंचवट्याची खूण असते, त्यामुळे तपासायला मिनिटही लागत नाही. मदत कुठपर्यंत पोहोचेल, हे करारनाम्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मराठीत छापावे. गाडी ऑटोमॅटिक असेल, तर उतारावर खालचा गिअर कसा धरायचा, हे किल्ली देणाऱ्याने चालवणाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावे. वरंधा उतरताना माझी मुलगी सतत ब्रेकवर पाय ठेवून होती आणि माझेरीच्या अलीकडे ब्रेक तापल्याचा जळका वास आला, तेव्हा कुठे आम्ही गाडी थांबवून माहितीपुस्तक उघडले. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नियमही शहरात गाडी शिकलेल्या अनेकांना माहीत नसतो. गाडीसोबत दिल्या जाणाऱ्या कागदांत तो एका ओळीत छापता येईल.

दिवाळीच्या सुट्टीत या गाड्यांना मोठी मागणी असते. त्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या आवारात जाऊन निदान काही गाड्यांच्या डिक्या उघडून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
कोथरूड, पुणे