सहीची किंमत

पुणे,
११ जानेवारी

प्रिय श्रीपाद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. ‘पनामा कालव्याची जुनी पत्रं जमवतोस, त्यातून तुला नेमकं काय मिळतं?’ या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून राहून गेलं. आज सवडीने बसलोय.

पहिली वस्तू घेतली ती पत्र नव्हतीच. फ्रेंच कंपनीचा १८८८ सालचा लॉटरीचा कर्जरोखा होता तो. सुएझ कालव्याच्या यशानंतर तो खणवणाऱ्या फ्रेंच लेसेप्सने पनामातही समुद्रसपाटीचाच कालवा खणायचा हट्ट धरला. १८८१ मध्ये काम सुरू झालं, १८८९ मध्ये कंपनी बुडाली. पीतज्वर, मलेरिया आणि अपघातांत सुमारे २२,००० माणसं गेली असावीत. रोख्यावरच्या सह्या छापील निघाल्या, पण तो कागद मी ठेवलाय. फ्रान्समधल्या कुणा साध्या माणसाची पुंजी आहे ती.

नंतर अमेरिकन काळाकडे वळलो, म्हणजे फ्रेंचांनंतर अमेरिकेने हे काम हाती घेतलं तो काळ. गोथल्स १९०७ पासून शेवटपर्यंत कालव्याचा मुख्य अभियंता होता. त्याचं कचेरीतून गेलेलं, टाइप केलेलं एक पत्र एका विक्रेत्याकडून घेतलं. खाली ‘जिओ. डब्ल्यू. गोथल्स’ अशी ऐटदार सही. वर्षभर कौतुकाने पाहत होतो. मग एकदा दहापटीच्या भिंगाखाली धरलं. पेनने केलेल्या सहीत निब जिथे दाबलं जातं तिथे रेघ जाड होते, वळणावर पातळ होते, आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई गडद दिसते. इथे सगळीकडे एकच रंग, आणि कडेला शाई दाटलेली. रबरी शिक्का! विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. फार वाईट वाटलं रे. पैशांचं होतंच, पण वर्षभर ज्या हाताला मी नमस्कार करत होतो तो हात त्या कागदाला लागलाच नव्हता.

कुठलं एक पत्र हातात धरायला आवडेल विचारशील, तर गोथल्सच्या आधीचा मुख्य अभियंता स्टीव्हन्स, त्याचं. ३० जानेवारी १९०७ चं, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला लिहिलेलं. आपल्याला हा कालवा म्हणजे नुसता एक मोठा चर वाटतो, असं त्याने त्यात लिहिलं. रूझवेल्टने तो राजीनामाच मानला आणि लगेच मंजूर केला. खरं तर कालव्याचं गणित सोडवलं ते याच माणसाने. खोदाई अवघड नाही, खणलेली माती हलवणं अवघड आहे, हे त्याने रेल्वेवाल्याच्या नजरेने ओळखलं. आधी रूळ नीट केले, मजुरांना घरं बांधली, पीतज्वर-मलेरियाशी झुंजणाऱ्या डॉक्टर गोर्गसला डास मारायला माणसं आणि सामान दिलं, मगच फावडी चालवली. समुद्रसपाटीचा नको, लॉक्सचा, म्हणजे दारांच्या हौदांत पाणी भरून जहाजं वर-खाली करणारा कालवा हवा, हे अमेरिकेच्या काँग्रेसला पटवण्यातही त्याचा मोठा वाटा. तू आणि मी साइटवर पहिल्या पावसात जे शिकलो, ते त्याने आल्या आल्या केलं.

पण गेली दोन वर्षं मी साहेबांची पत्रं घेणं थांबवलंय. कारण सांगतो. तिथे दोन मस्टरं होती, ‘गोल्ड रोल’ आणि ‘सिल्व्हर रोल’. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्यात, बार्बाडोस, जमैकाहून आलेल्या काळ्या मजुरांना चांदीत. पोस्टातसुद्धा दोन वेगळ्या खिडक्या. एकट्या बार्बाडोसमधून करारावर सुमारे २०,००० माणसं आणली. अमेरिकन काळात दप्तरी ५,६०९ मृत्यू नोंदले आहेत, त्यांत बहुतेक हेच लोक. त्यांची ओळख म्हणजे नंबर कोरलेला पितळी बिल्ला. लिलावाच्या याद्या मी इतकी वर्षं चाळतोय, पण त्यांच्यापैकी एकाचंही सही केलेलं पत्र माझ्या नजरेला पडलेलं नाही.

१९६३ मध्ये पनामातल्या इस्थमियन हिस्टॉरिकल सोसायटीने मात्र एक मोठं काम केलं. हयात असलेल्या म्हाताऱ्या मजुरांना आपापल्या आठवणी लिहून पाठवायला सांगितलं. शंभरावर पत्रं आली. दिवसभर पावसात भिजायचं, रात्री कपडे वाळत नाहीत, सकाळी तेच ओले कपडे अंगात घालून पुन्हा कामावर जायचं. हे वाचताना मी दोनदा उठून गॅलरीत गेलो.

आणि मला आपलं उजनी धरणाचं काम आठवलं. मस्टरवर निळ्या अंगठ्यांच्या ठशांची रांग, आणि मधेच आपल्या मुकादमाची सही. तू त्याला महिनाभर रोज संध्याकाळी कंदिलापाशी बसवून शिकवलंस. पहिल्यांदा सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की कागद फाटून खालच्या पानावर नाव उमटलं. त्याने बोट फिरवून फिरवून ते पाहिलं आणि मग टोपी काढून घाम पुसला. सरावाची ती वही तू घरी आणली होतीस. अजून असेल, तर श्रीपाद, ती मला दाखव.

मागायला संकोच वाटतोय, पण माझ्या पेटीत तिची जागा मी करून ठेवली आहे. द्यायची नसेल तर तुझ्याकडे नीट ठेव. लॅमिनेशन करू नकोस, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नकोस, उन्हात किंवा ओलीच्या भिंतीजवळ ठेवू नकोस. आम्लविरहित कागदाची पाकिटं माझ्याकडे आहेत, दोन या पत्रासोबत पाठवतोय.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझा,
वसंत