ऊसतोडीला निघालेल्या शुगरच्या पेशंटसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. पोळा झाला की आमच्याकडे मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. परततात ते पाडव्याच्या मागंपुढं. त्या पाच-सहा महिन्यांत शुगर असलेल्यांचे जे हाल होतात ते मी दर वर्षी बघते, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या वस्तीवरची एक बाई, वय ४७. सहा वर्षांपासून शुगर, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू. गावात असते तेव्हा तिची साखर आटोक्यात असते. तिकडे मात्र पहाटे चारला कोयता घेऊन फडात उतरायचं. गोळी ‘सकाळी जेवणाआधी’ सांगितलेली, म्हणून ती कोपीतून (तळावरच्या झोपडीतून) निघतानाच घ्यायची आणि भाकर पोटात जायची दहा-अकराला. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. वर सहा तास वाकून तोडणी आणि मोळ्यांची ओझी. एके दिवशी तिची साखर एकदम खाली गेली, ती घामानं भिजली, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. बाकीच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी लागलं. तिला गाडीखाली निजवून ठेवलं. लेकीनं मला फोन केला. शुद्धीवर आहे का, गिळता येतंय का, एवढंच मी विचारलं. हो म्हणाली. चहाच्या सामानातली साखर तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजायला लावली. पंधरा-वीस मिनिटांत बाई उठून बसली. दातखीळ बसली असती तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन करायचा, हे त्या टोळीत कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी फोननंच जीव वाचवला, त्यामुळे लांबून उपचार नकोत असं मी कधीच म्हणणार नाही. ई-संजीवनी, म्हणजे घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची सरकारी सेवा, २०२० पासून लोकांच्या मोबाइलवर आहे. आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई त्यावरून डॉक्टरांशी जोडून देतात, म्हाताऱ्या माणसांची तालुक्याची खेप वाचते. पण तोडणी करणारा माणूस दिवसा फडात असतो. दवाखाना गाठायचा तर त्या दिवसाचा खाडा धरला जातो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्याला सवड मिळते ती रात्री सातनंतर, तीही गाडी भरायची नसेल तर. हंगामाच्या महिन्यांत आठवड्यातून दोनच रात्री सात ते नऊ मराठी बोलणारा डॉक्टर फोनवर ठेवा. पहिला प्रश्न त्यानं एवढाच विचारावा, ‘जेवता किती वाजता?’ त्या बाईची गोळी बदलायला किंवा नुसती वेळ बदलायला एवढं पुरलं असतं.

मात्र फोनवर सगळं कळत नाही. आमच्याच गावातला एक पोरगा इन्सुलिन घेतो. त्याची बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, आणि सुईही ४० चीच लागते. तिकडे सुया संपल्या, दुकानातून आणल्या त्या १०० च्या. त्या सुईत २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं तरी अंगात जातात फक्त ८ युनिट. तो फोनवर सांगायचा, ‘वीस घेतो.’ साखर तरीही तीनशेच्या वर, म्हणून डोस वाढवला गेला. डॉक्टरांचा दोष नव्हता, त्यांनी ऐकलं तेच खरं मानलं. पोरगा पाडव्याला घरी आला, तेव्हा सीएचओ ताईंनी सुई हातात घेतली आणि टोपण ४० च्या सुईसारखं लाल नसून १०० च्या सुईचं नारिंगी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. डोस वाढवलेला तसाच ठेवून गावाकडं त्याला बरोबर सुई मिळाली असती तर साखर एकदम किती खाली गेली असती, या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

पायाचंही तसंच. शुगरनं बधिर झालेल्या पायात तुटक्या चपलेतून तोडलेल्या उसाचा खुंट घुसला तरी कळत नाही. माणूस फोनवर ‘जरा लागलंय’ म्हणतो. मोजे-चप्पल काढायला लावून तळवा बघणारं कुणीतरी तिथं हवं.

म्हणून साहेब, पोळा ते दसरा या दिवसांत आमच्या उपकेंद्रावरच शिबिर घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी, पाय, डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रथिन हे सगळं माणूस गावात असतानाच होऊ द्या. गोळ्यांचं वेळापत्रक फडाच्या कामाप्रमाणे लावून द्या. आमच्याकडे एका वेळी महिनाभराच्याच गोळ्या हातात पडतात. जाणाऱ्याला तीन महिन्यांच्या द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, त्याचे आम्हांला समाधान आहे. पण सहा महिने त्या रुग्णालयापर्यंत पोचूच न शकणाऱ्याला मोफत म्हणजे काय मिळतं?

दर टोळीमागे एक ग्लुकोमीटर आणि पुरेशा पट्ट्या द्या. बाजारात पट्टी महाग पडते, मजूर ती विकत घेत नाही, आणि आकडा नसेल तर फोनवरचा डॉक्टर तरी कशाच्या आधारावर गोळी कमी-जास्त करणार? टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला बोट टोचून साखर बघायला मी एका दुपारी शिकवीन. इन्सुलिनवाल्याला मडकं आणि ओलं फडकं कसं वापरायचं तेही दाखवीन, कारण कोपीत फ्रिज नसतो. आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला आमच्याकडून यादी जाऊ द्या. १४ अंकी आभा नंबर, म्हणजे ज्यावर माणसाचे आरोग्याचे कागद जोडता येतात तो नंबर, आम्हीच घरोघरी फिरून काढलेत. त्या नंबरावर इथला केसपेपर तिथल्या ताईला दिसला, तर ती आठवड्यातून एकदा तळावर येऊन पाय बघेल, सुईचं टोपण बघेल.

माझ्या वहीत यंदा जाणाऱ्यांची २१ नावं आहेत. त्यात ती बाईही आहे. तिनं उचल घेतली आहे.

आपली नम्र,
एक आशा स्वयंसेविका
ता. धारूर, जि. बीड