जुळ्यांच्या मूर्ती घासून लखलखीत करू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा समाजाच्या जुळ्यांच्या लाकडी मूर्तींवर, म्हणजे ‘एरे इबेजी’वर, सचित्र लेख आला. नाशिकच्या वाचकांपर्यंत हा विषय पोचला याचा आनंद आहे. मात्र लेखाखालच्या चौकटीत ‘अशी मूर्ती चिंचेच्या पाण्याने धुऊन तेल चोळून ठेवावी’ असा सल्ला दिला आहे. कृपया कोणीही तसे करू नये. त्याने होणारे नुकसान भरून निघत नाही.

नैऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमध्ये योरुबा समाजात जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त आढळले आहे. विसाव्या शतकातल्या नोंदींत ते हजार बाळंतपणांमागे ४० च्या वर दिसते. जुळी बाळे नाजूक, त्यामुळे त्यांतले एखादे दगावण्याचे प्रमाणही मोठे. दोघांचा आत्मा एकमेकांत गुंतलेला असल्याने गेलेल्याला जागा दिली नाही तर राहिलेलेही जाईल, अशी श्रद्धा. म्हणून ‘इफा’ या शकुनविद्येने कौल लावणाऱ्या ‘बाबालावो’ला विचारून सुताराकडून मूर्ती घडवून घेत. उंची साधारण २० ते ३० सेंटिमीटर, लाकूड अखंड, आधी वाकसाने तासलेले आणि मग सुरीने बारीक कोरलेले. गेलेले असते तान्हे बाळ, पण मूर्ती प्रौढ स्त्रीची किंवा पुरुषाची; गालांवर घराण्याच्या खुणा आणि डोके अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश. माणसाचे नशीब डोक्यात असते, असे योरुबा मानतात.

यापुढचे काम आईचे. जिवंत जुळ्याला न्हाऊ घातले की मूर्तीलाही, त्याला भरवले की तिच्याही ओठांना घास. नवे कपडे, नवे मणी दोघांना सारखेच. रात्री आडवी करायची, सकाळी उभी. अंगाला ‘ओसुन’ झाडाच्या लाकडाची तांबडी पूड चोळायची, केसांत नीळ भरायची. आधी ही नीळ वनस्पतीची होती. पुढे कपड्यांना घालायची विलायती नीळ आली. अशा वर्षानुवर्षांच्या हातांनी नाक-डोळे झिजतात, खाचांत तांबडी खपली साचते, केसांच्या रेषांत निळा रंग टिकतो. धुळवडीला गोदावरीवर न्हाऊन येणारे वीरांचे टाक ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना पुसट झालेला चेहरा म्हणजे बिघाड नव्हे, हे सांगावे लागू नये. तो थर म्हणजेच मूर्ती.

आता चिंचेकडे येऊ. विलायती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. आम्लाचा स्पर्श झाला की तिचा रंग उडून राखाडी-पांढरा डाग उरतो आणि तो परत निळा होत नाही. लिंबू, व्हिनेगर, पितळ उजळवायची पूड यांनाही हेच लागू. ‘ओसुन’चे झाड आपल्या रक्तचंदनाच्या आणि बिबळ्याच्या कुळातले, त्याचा तांबडा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून सॅनिटायझरचा बोळाही फिरवू नये. तेलाने खपली मऊ होते, धूळ धरते, पावसाळ्यात बुरशी येते. व्हार्निश दिले तर ते काढताना खालचा थरही सोबत निघतो.

दागिन्यांचे नुकसान आणखी गुपचूप होते. कंबरेला आणि गळ्यात काचेचे मणी, नारळाच्या करवंटीच्या चकत्या, मनगटात पितळी किंवा लोखंडी कडी, श्रीमंत घरांत कवड्या शिवलेला अंगरखा. (या कवड्या मालदीवकडून समुद्रमार्गे तिकडे जात, आपल्या देवीच्या परडीतल्या कवड्यांचे हे सगेच.) नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात लाकडातून आणि गोंदातून आम्लाची वाफ सुटते, तिने कवडीवर पांढरी भुकटी चढते आणि शिंपला कायमचा खाल्ला जातो. दमट हवेत काही जुने मणी चिकट लागतात. ती काच फुटण्याची पहिली खूण. मणी काढून नव्या नायलॉनमध्ये ओवण्याचा मोह टाळावा: नायलॉन काठांवर घासते, आणि ओवण्याचा क्रम गेला की तो सांगणारे कोणी उरत नाही. दोरा तुटलाच तर आधी फोटो आणि क्रमाचे चित्र, मग प्रत्येक मणी वेगळ्या पुडीत.

करायचे ते थोडकेच. मऊ केसांच्या जलरंगाच्या ब्रशने वरची सुटी धूळ झटकावी, खपलीला ब्रश लावू नये. हात धुऊन कोरडे करून किंवा नायट्राइलचे मोजे घालून धरावे. सुती मोज्याचे धागे खपलीत अडकतात. धरताना तळ आणि पाठ, दोन्हीला आधार द्यावा. माळेला धरून उचलल्याने जुने दोरे तुटतात. काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर, आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत राहील असे ठेवावे. आपल्याकडे मे महिन्यात कूलरसमोरची जागा सर्वांत वाईट. दिवसभर दमट, रात्री कोरडी, की लाकूड तडकते.

तळाशी पिठासारखा भुसा आणि १-२ मिलिमीटरची ताजी भोके दिसली तर भुंगेरा आहे. डांबरगोळ्यांनी आतली अळी मरत नाही. मूर्ती कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीतली हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवावी; बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नये, नाहीतर दव थेट खपलीवर बसते. खपली आधीच सुटत असेल किंवा मणी चिकट झाले असतील तर हा उपाय घरी करूच नये, जतनकाराकडे न्यावे.

लेखात खऱ्या-खोट्याचाही उल्लेख होता, म्हणून एक सोपी परीक्षा. माळ अलगद सरकवून पाहावी. खूप दिवस तिथेच असेल तर खालच्या लाकडाचा रंग आणि झीज वेगळी दिसते. सगळीकडे एकसारखे असेल तर माळ नंतर चढवली आहे. खरी झीज उंचवट्यांवर असते, काखेत आणि पायांमधल्या खाचेत नसते. पॉलिशपेपरच्या समांतर रेघा भिंगातून लगेच दिसतात. मात्र गळ्यात त्रिकोणी ताईत कोरलेला असेल तर खोटी म्हणून बाजूला टाकू नका, मुस्लिम योरुबा घरांतून आलेल्या मूर्तींवर तो असतो.

चौकटीतली दुरुस्ती पुढच्याच रविवारी, त्याच जागी छापावी, ही विनंती.

— लाकडी व धातूच्या मूर्तींच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, नाशिक