बालीच्या प्रवाशांचे कागद मुंबईतच तपासणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मुंबई विमानतळावर रात्रपाळीला तुम्ही चेक-इन काउंटरवर असता. ग्रुप टूर नेणाऱ्या आम्हा मंडळींचं हे आभारपत्र. नाव मुद्दाम लिहीत नाही, वाचलंत की ओळखालच.

'व्हिसा ऑन अरायव्हल', म्हणजे तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा, म्हटलं की लोकांना वाटतं, आता इथे कोण काय विचारणार! खरी चाळणी तुमच्याकडेच लागते. देनपसारला, म्हणजे बालीच्या विमानतळावर, कुणाला प्रवेश नाकारला, तर त्याला परत आणणं विमान कंपनीच्या गळ्यात येतं. म्हणून बोर्डिंग पास हातात पडण्याआधी तुमचे प्रश्न असतात. रांगेतले लोक याला कटकट म्हणतात, म्हणोत.

पासपोर्ट उघडून तुम्ही आधी मुदत बघता आणि बोटांच्या पेरांवर महिने मोजता. सहा महिने मोजायचे ते तिथे उतरण्याच्या तारखेपासून, तिकीट काढल्याच्या दिवसापासून नव्हे. निम्मे लोक इथेच चुकतात. मग अंगठ्याने पानं सरसर सोडता. शिवण उसवलीय का, फोटोच्या पानाचं प्लास्टिक सुटलंय का, कुठे पावसात भिजून पान फुगलंय का. बालीत खराब पासपोर्टाकडे फार कडक नजरेने बघतात. मुदत पाच वर्षं उरली असली तरी एका फाटक्या पानापायी सहल मोडू शकते, आणि त्यावर विमानतळावर काहीही इलाज नसतो.

परतीचं तिकीट तुम्ही मागता, तेही 30 दिवसांच्या आतलं, कारण व्हिसा तेवढ्याच दिवसांचा. उतरला तो दिवस पहिला धरतात. 1 मार्चला रात्री पावणेबाराला उतरलात तरी तो दिवस खर्ची पडला आणि 30 मार्च हा शेवटचा. पुढे राहिलात तर दंड दिवसाला 10 लाख रुपिया (आपले रुपये नव्हेत, इंडोनेशियाचं चलन). एकदाच 30 दिवसांची मुदतवाढ मिळते, पण ती मुदत संपायच्या आत मागावी लागते.

पैशांबद्दल तुम्ही जाता जाता जे सांगता, ते तर आमच्या माहितीपत्रकात छापायला हवं. व्हिसाची फी 5 लाख रुपिया. शून्यं बघून दचकू नये, आपले पावणेतीन हजारांच्या आसपास होतात. तान्ह्या बाळालाही तेवढीच. भारतीय नोटा तिथल्या काउंटरवर चालत नाहीत. कार्ड न्यावं, आणि कार्ड अडलं तर म्हणून डॉलर. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात. घडी पडलेली किंवा पेनाने आकडा लिहिलेली नोट परत येते. आधी पैसे भरून पावती, मगच इमिग्रेशनची रांग. हा क्रम उलटला की पुन्हा मागे.

ऑनलाइन ई-व्हिसा काढला तर पैसे भरण्याची ती रांग वाचते. मात्र पासपोर्ट क्रमांक चुकला की फी बुडाली. आपला क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात अंक, त्यामुळे पहिल्या जागेनंतर इंग्रजी 'ओ' येऊच शकत नाही, तिथे शून्यच. नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तेही जसंच्या तसं. 'ऑल इंडोनेशिया' हे आगमनपत्रक वेगळं, ते उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी साइट खोटी. बालीचा दीड लाख रुपियांचा पर्यटन कर 14 फेब्रुवारी 2024 पासून आहे, तो व्हिसाच्या फीत धरलेला नाही.

हे सगळं सांगणं तुमच्या कामात बसत नाही. पहाटे तीनला, मागे दीडशे माणसं खोळंबलेली असताना, एखाद्या आजोबांना तुम्ही तेच तिसऱ्यांदा सांगता, आणि आवाज चढत नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

आपली,
टूर नेणारी मंडळी

ता. क. पासपोर्टची चामडी कव्हरं आता आम्ही घरीच काढून ठेवायला सांगतो. तुम्हाला दर वेळी सोलत बसावं लागणार नाही.